दिवसाउजेडीची गोष्ट

खर्र, खर्र. खवणीवर नारळ पुन्हा फिरू लागला, तेव्हा कुठे शुफाला हायसं वाटलं. मघापासून आजीच्या खोलीत फारच शांत होतं.

"थांबलीस का गं मध्येच?" तिने दारातून विचारलं.

"दम खात होते. माझ्या नारळापायी तुझी होडी नाही चुकायची."

शुफा पाटे बेटावर यायची ती नेहमी अशीच. लामूहून चढत्या पाण्याबरोबर यायचं, पाणी उतरायच्या आत परतायचं. पुढच्या खेपेला राहायलाच येते, असं ती तीन वर्षं म्हणत आली होती. म्हणून तिच्या चार वर्षांच्या लेकीने, बतुलीने, पणजीची एकही गोष्ट ऐकली नव्हती. गोष्ट सांगायची ती दिवस बुडाल्यावरच. उजेडात सांगितली तर सांगणारीला शिंगं फुटतात, असं आजीला तिच्या आईने बजावलं होतं. मागे शुफाने गोष्ट टिपून घ्यायला भर दुपारी फोन पुढे धरला, तर आजी म्हणाली होती, फोनला सांग, रात्री ये म्हणावं.

आज आजीने नारळ अर्ध्यातच ठेवला. हात कमरेला गुंडाळलेल्या कांग्याला पुसले आणि बतुलीला मांडीवर ओढलं. अंगणात ऊन रणरणत होतं.

"पाऊक्वा," आजी म्हणाली.

शुफा पिशवी भरता भरता थबकली. ही गोष्टीची हाक. ऐकणाऱ्याने ओ दिल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. बतुलीला ते कुठलं ठाऊक? ती आईकडे बघू लागली.

"आजी, अजून दुपार आहे गं. मी ईदला येते ना. रात्रभर बसू."

"येशील गं बाई. मी कुठे नाही म्हणते?" आजी हसली. "पाऊक्वा."

शुफाने पायांतल्या चपला काढल्या आणि जमिनीवर बसली.

"पाकावा," ती म्हणाली.

मग सशाने सुलतानाच्या विहिरीवर पहारेकरी म्हणून बसलेल्या सिंहाला कसं गुंडाळलं, ते आजीने सगळं सांगितलं, मध्ये मध्ये धापा टाकत. बतुली खिदळली. नावाड्याने गल्लीतून दोनदा हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला आजीनेच दोघींना उठवलं. पाणी कुणासाठी थांबत नाही, म्हणाली.

होडी तिवरांमधून बाहेर पडली. शुफा मागे वळून बघत राहिली. बतुलीने तिची बाही ओढली.

"आई, गोष्ट तर पणजीने आत्ताच सांगून टाकली. मग रात्री ती कुणाला हाक मारणार?"