गुरुवारचे शून्य

वैशाख होता. नुसता वैशाख नव्हे, द्राक्षांच्या मुलखातला वैशाख. बेदाण्याच्या शेडांवर हिरव्या जाळ्या निपचित पडल्या होत्या, येरळेच्या पात्रात पाण्याऐवजी पांढरी रेती चमकत होती, आणि दुपार अशी की सावलीलाही सावली हवीशी वाटावी. ऊन वरून पडत नव्हते, भुईतून उगवत होते. त्या उन्हात आंबवणी गाव दारे लावून बसले होते.

दारे लावलेली, तोंडे झाकलेली, बाजार उठलेला. देवळाला कुलूप, शाळेला कुलूप, चहाच्या टपरीला कुलूप. कुलूप नव्हते ते फक्त गावाच्या जिभेला. याचा बाप नेला, त्याची सून नेली, अमक्याच्या घरात चौघांना झाला. महामारीची दुसरी लाट आली होती, आणि पहिली तिच्यापुढे पोरखेळ वाटत होती. आभाळच फाटले होते, ठिगळ लावणार तरी कुठे कुठे?

अशा त्या निःशब्द, निश्चल, भयग्रस्त गावात रोज नवी होणारी एकच गोष्ट होती. ती म्हणजे शाळेची भिंत.

स्टँडसमोरची ती लांबच लांब कुंपणभिंत. तहसील कचेरीतून हुकूम आला की गावाचे रोजचे आकडे लोकांना दिसतील असे लिहा. मुख्याध्यापकांनी हुकूम चित्रकलेच्या सुतारसरांकडे सरकवला. आता दिगंबर सुतारांना आकडे लिही म्हणणे म्हणजे हलवायाला नुसती साखर तोल म्हणणे. सरांनी आकडे लिहिलेच नाहीत. त्यांनी रंग कालवले.

पिवळी रेघ, आज नव्याने सापडलेल्यांची. निळी रेघ, इस्पितळात पडलेल्यांची. काळी रेघ, गेलेल्यांची. प्रत्येक दिवसाला एक रकाना, आणि एका माणसाला एक बोट उंची. सर खरोखरच भिंतीला बोट आडवे लावून मोजत. माणसाला बोटाइतकी तरी जागा मिळाली पाहिजे, असे ते म्हणत.

पिवळी रेघ हळदीसारखी चढत गेली. छातीशी आली, कपाळाशी आली, मग हात पुरेना तेव्हा सरांनी शाळेतले स्टूल आणले. निळी तिच्यामागून चढली, गंभीर, जड, खोल पाण्याच्या रंगाची. जिला दोन्ही रेघांच्या पायथ्याशी उगवायचे होते ती काळी तेवढी कुठे दिसत नव्हती. सुरुवातीला दोनदा उठली होती, ती माणसे गावाने ओळखली, हळहळ केली. पुढे ती उठली नाही. तिच्या जागी सर शून्य काढत.

शून्य तरी नुसते कसे काढणार? हात चित्रकाराचा. चुन्याचे शुभ्र वाटोळे, भोवती बारीक पाकळ्या, मध्ये गेरूचा ठिपका. रोज संध्याकाळी भिंतीच्या पायथ्याशी एक पांढरे फूल उमलू लागले.

आणि गावाला त्या फुलाची सवय लागली. ज्यांचे कोणी जिल्ह्याच्या इस्पितळात होते ते उन्हे कलली की स्टँडवर येत. लिंबाखाली अंतर राखून उभे राहत. शून्य काढून झाले की एकेक पुढे येई, ओल्या चुन्याला बोट लावी, ते बोट छातीला लावी आणि न बोलता घरी जाई. हा रिवाज कुणी सुरू केला, ठाऊक नाही. गावाला देव भेटत नव्हता, त्याने शून्याला देव केले.

सर त्यांना हसले नाहीत. हसणार कसे? त्यांची पत्नी मंदाकिनी त्याच इस्पितळात होती.

मंदाकिनीला नेले तेव्हा सरांना स्वतःलाही ताप होता. गाडी आली, पांढऱ्या झग्यांतली माणसे उतरली, आणि दारात उभ्या उभ्या एकाने विचारले, "फोन नंबर सांगा." सरांनी मंदाकिनीचा नंबर सांगितला. त्या घरात नंबर म्हटला की तो मंदाकिनीचाच. गॅसला तोच, बँकेला तोच, शिधापत्रिकेला तोच. सरांच्या हाताला सदा रंग लागलेला, फोन ते उचलतील तर शपथ, म्हणून वीस वर्षांची ही वहिवाट. मंदाकिनीने पिशवीत फोन टाकला, दारातून वळून पाहिले आणि म्हणाली, "माठ भरून ठेवा. आणि गॅस बंद केलाय का, ते एकदा बघा."

पहिले दोन-तीन दिवस तिचा आवाज येत राहिला. धाप लागलेला, तुटक, तरी हुकमी. "जेवलात का? काय जेवलात? नुसता भात नका खाऊ." मग तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला आणि आवाज थांबला. फोन नुसता वाजू लागला. वाजून वाजून एके दिवशी तोही बंद पडला. चार्जर सापडत नसेल, सरांनी मनाला समजावले. पलीकडचा इस्पितळातला चौकशीचा फोन कायम गुंतलेला. आत कुणाला सोडत नव्हते, बाहेर कुणाला सांगत नव्हते.

मग उरले ते शून्य. गावातले कुणी गेलेले नाही, म्हणजे मंदाकिनी आहे. इतके साधे गणित. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, सरांना वाटोळ्याचा होता.

आकडे येत ते तालुक्याच्या आरोग्य कचेरीतल्या परवीन मुजावर यांच्या फोनवरून. दिवसभर गावोगावचे आकडे जुळवून त्यांचा घसा बसलेला असे. "सर, लिहून घ्या," म्हणत आणि तीन आकडे सांगत. सरांना पहिल्या दोन आकड्यांशी देणेघेणे नव्हते. ते तिसऱ्यासाठी श्वास धरून उभे राहत.

गुरुवारी मात्र दुसरा आकडा ऐकून सर चमकले. निळी रेघ उतरली होती. किती दिवसांनी! फार नव्हे, बोटभर. इस्पितळातली एक खाट रिकामी झाली होती, आणि काळीखाली शून्यच होते. मग ते माणूस गेले कुठे? बरे होऊन घरीच निघाले असणार!

लिंबाखाली आनंदाची एक लहर फिरली. "उतरली, निळी उतरली!" तानूबाई मोटे हिने पदरात तोंड झाकून रडून घेतले. तिचा मुलगा भरत, द्राक्षाच्या टेंपोवरचा ड्रायव्हर, आठवडाभर तिथे पडून होता. "मास्तर, आता एकेक येतील म्हणा की घरला," ती म्हणाली. आणि सरांनी त्या संध्याकाळी आयुष्यातले सर्वांत सुंदर शून्य काढले. पाकळ्यांना निळी किनार दिली, देठाला पाने दिली. घरी जाऊन माठ घासला, ताजे पाणी भरले. मंदाकिनी आली की पहिले माठाकडेच बघणार, हे त्यांना पक्के माहीत होते.

शुक्रवारी निळी आणखी उतरली. शनिवारी आणखी. काळीखाली शून्य, आणि पुन्हा शून्य. पिवळी अजून माथ्यावर थयथयाट करत होती, पण तिच्याकडे आता कोण बघतो! गाव उतरणाऱ्या निळाईकडे बघत होते, तहानलेल्या डोळ्यांनी, ओल्या बोटांनी, वेड्या आशेने.

रविवारी उन्हे कलली. आकाश तांबूस, धुळकट, वारा पडलेला. सर स्टुलावर चढून कालच्या पिवळीचे फिकटलेले टोक पुन्हा रंगवत होते, तेव्हा फोन आला. मुजावरबाईंनी पहिला आकडा सांगितला, दुसरा सांगितला, आणि त्या थांबल्या.

"तिसरा?" सरांनी विचारले.

"सात."

"सात? एका दिवसात?"

"आजचे नाहीत, सर. जिल्ह्याला नोंदी तुंबल्या होत्या. कुणाचा पत्ता जुळत नव्हता, कुणाचं गाव. ते सगळे आज आले. गुरुवारचा एक, शुक्रवारचे दोन, शनिवारचे चार. ज्या त्या दिवसाखाली दाखवा म्हणून वरून सांगितलंय."

सर भिंतीकडे बघत राहिले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन पांढरी फुले ओळीने. आणि त्यांच्या डोक्यावर उतरत गेलेली ती निळी, जिच्याकडे बघून गाव हसले होते. खाटा रिकाम्या झाल्या होत्या खऱ्या. पण माणसे घरी निघाली नव्हती.

"नावं?"

"सहा नावं अजून यायचीत. एक आलंय." पलीकडे कागद सळसळला. "सर, तुम्ही स्टुलावर आहात ना? आधी खाली उतरा."

सर उतरले. एक पाय जमिनीवर टेकला, मग दुसरा. एवढ्या वेळात त्यांना कळून चुकले होते, तरी त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

"वहिनी गुरुवारी पहाटेच गेल्या. ते लोक फोन लावत होते, सर. दुपारपर्यंत लावत होते. तुम्ही दिलेल्या नंबरावर. तो बंदच येत होता. मग... तिथल्या तिथेच करून टाकलं त्यांनी."

दिलेल्या नंबरावर. म्हणजे खाटेखालच्या पिशवीत तिचाच फोन बंद पडून होता, आणि ती गेल्याची बातमी ते लोक तिलाच सांगू बघत होते. सर इकडे संध्याकाळी पाकळ्यांना निळी किनार देत होते. त्यांनी माठ घासला तेव्हा तिची राख झाली होती.

माणसाने ऊर फोडावा असा तो क्षण. सरांचा ऊर फुटला नाही, फार वाईट झाले. ऊर फुटायलाही शेजारी कोणी धरणारे लागते, आणि धरायला जवळ यायची तर त्या दिवसांत चोरीच होती.

लिंबाखालून आवाज आला. "काय म्हनत्यात, मास्तर? आज बी सुन्नंच न्हवं?"

सर वळले. दहाबारा माणसे, दहाबारा झाकलेली तोंडे, आणि नुसते डोळे. आसुसलेले, जागलेले, त्यांच्याच हातच्या चुन्यावर जगलेले डोळे. "सात," ते म्हणाले. "आजचे नव्हेत. गुरुवारपासूनचे. नावं यायचीत."

 प्रत्येकाने आपल्या शेजारच्याकडे पाहिले, आणि चटकन नजर काढून घेतली. सातांतला माझा नसू दे, असे प्रत्येक जण मनात म्हणाला. म्हणजे तुझा असू दे, असेच म्हणाला. हे पाप ज्याला त्याला तिथल्या तिथे कळले, आणि तरीही कुणाला ते मागे घेता आले नाही.

सरांनी काळा डबा उघडला. ते गुरुवारच्या रकान्यापाशी बसले. शून्याखालच्या पायथ्यावर आपले बोट आडवे ठेवले, मोजले, आणि त्या सुंदर, निळ्या किनारीच्या, सपर्ण फुलावरून काळा रंग ओढला. पाकळ्या बुडाल्या, पाने बुडाली. एक बोट. पंचवीस वर्षांचा संसार तेवढ्यात मावला.

"गुरुवारचं कोन वो?" तानूबाई जवळ आली होती. अंतर राखायचे ती विसरली होती.

"आमची मंदा," सर म्हणाले.

तानूबाईच्या तोंडून "आगं बया" एवढेच निघाले. तिने सरांच्या खांद्यावर हात ठेवला. नियम मोडून ठेवला, आणि तेव्हा सरांचा खांदा पहिल्यांदा हलला. मग बराच वेळ हलत राहिला. लिंबाखालची माणसे खाली बघत उभी होती.

पण काम उरले होते. शुक्रवारचे दोन, शनिवारचे चार. खोटे फूल एक दिवसही जास्त ठेवायचे नाही, ह्या हट्टाने सर उठले, मनगटाने डोळे पुसले, ब्रश बुडवला आणि शुक्रवारच्या रकान्याकडे सरकले.

तानूबाई त्यांच्या आधी तिथे पोचली. तिने उजव्या हाताचा तळवा शुक्रवारच्या शून्यावर ठेवला आणि डावा शनिवारच्या शून्यावर. दोन्ही हात ताणून, गाल भिंतीला लावून ती तिथेच बसली. भिंत दिवसभर तापलेली होती.

"मास्तर, ह्यास्नी हात लावू नगा."

"मावशी, वरून तसं सांगितलंय."

"कुनीबी सांगू द्या. तुमचं नाव आलं, तुमी पुसा. माजं न्हाई आलं अजून." तिने तळवे भिंतीवर आणखी दाबले. "नाव येत न्हाई तवर माजा भरत ह्यात हाय."

सरांच्या ब्रशावरून काळा थेंब खाली धुळीत पडला. मग दुसरा पडला. खरे काय ते त्यांना ठाऊक होते, खोटे काय तेही ठाऊक होते. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला.

पश्चिमेला सूर्य बुडत होता, रक्तवर्ण, धूसर, निस्तेज. शाळेच्या भिंतीवर पिवळी विझली, निळी विझली. चुन्याची पांढरी कड तेवढी तानूबाईच्या बोटांमधून दिसत राहिली.

सरांच्या खिशात फोन वाजला. लिंबाखालची माणसे एक पाऊल पुढे आली आणि थांबली. सरांनी फोन कानाला लावला. पलीकडून मुजावरबाई नावे सांगू लागल्या, एकेक, सावकाश, बसलेल्या घशाने.

सर ऐकत होते. तानूबाई त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. तिने भिंतीवरचे हात काढले नाहीत.