तळाचं पाणी

दोरीवरची लाल खूण हातात आली, तसं तिने बाटली खाली सोडायचं थांबवलं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून ती नमुना याच खुणेवर घेत आली होती. वरचं, हातभर खोलीवरचं पाणी. तिथे समुद्र नेहमी गुणी बाळासारखा असे.

आज कारखान्याची बोट बिघडली होती, म्हणून तिच्या भावाची होडी घेतली होती. भाऊ बुड्या मारून शिंपल्या काढायचा. गोडं पाणी काढून उरलेलं दाट मिठवणी कारखान्याच्या नळातून समुद्रात पडायला लागलं, तेव्हापासून त्याची टोपली रिकामीच वर येई.

“सोड की आणखी,” भाऊ म्हणाला. “ते जड पाणी काय तुला भेटायला वर येणार आहे?”

“खुणेवरच घ्या, मॅडम,” होडीच्या टोकाला छत्रीखाली बसलेले कारखान्याचे साहेब म्हणाले. “नसती उठाठेव नको. कारखान्याला टाळं लागेल.”

तिने दोरी मुठीत घट्ट धरली. टाळं म्हणजे घरचा नळ कोरडा. सकाळीच आईने दटावलं होतं, “भावाच्या नादी लागू नकोस. टँकरमागे धावून माझे गुडघे गेलेत.” त्यात खोटं काय होतं?

भावाने खिशातून एक शिंपली काढून तिच्या पायाशी टाकली. उघडी. आत नुसता काळा चिखल. तिला त्याचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. खाली काय चाललंय, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

तिने मूठ सैल केली. लाल खूण बुडाली, दोरी सरसरत गेली, बाटली तळाला टेकली.

“अहो, हे काय?” साहेब ताडकन उठले. होडी कलली.

तिने दोरीला झटका दिला. खाली बाटलीचं झाकण बंद झालं.

वर आलेलं पाणी दिसायला नितळ होतं. पण त्यात बुडवलेल्या क्षारमापकावरचा आकडा पाहून साहेबांचा चेहरा उतरला.

“ओतून टाका. वरचं घ्या परत.”

तिने बाटलीला सील लावलं आणि ती मांडीवर घट्ट धरून बसली. भावाने होडी किनाऱ्याकडे वळवली.

सरकारी तपासणी कार्यालयात बाटली देऊन ती घरी आली, तेव्हा तिने चप्पलही काढली नाही. नळ सोडला. बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी चहाची किटलीसुद्धा. आई दारात उभी राहून बघत होती. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून ती मान खाली घालून भरत राहिली.

आईने पिठाचा डबा परातीत रिकामा केला, पुसला आणि नळाखाली सरकवला.

“हाही घे,” ती म्हणाली.