थेट विमान

वीस वर्षं तिकिटांच्या ऑफिसात बसून ताईला कुठलं शहर किती तासांवर आहे ते तोंडपाठ झालं होतं. गल्लीत तिला सगळे विमानबाई म्हणत. स्वतः मात्र ती एकदाही विमानात चढली नव्हती.

तिचा धाकटा भाऊ साडेबारा हजार किलोमीटरवर राहायचा. "चौदा तासांवर तर आहे," असं ती आईला सांगायची, जणू तो दोन घरं सोडून राहत होता.

त्या दिवशी दुपारी बाराला डॉक्टरांनी तिला आईच्या वॉर्डाबाहेर बोलावलं. "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. उद्याची दुपार निघेल, पुढचं सांगता येत नाही."

तिने जिन्यातूनच भावाला फोन लावला.

"ताई, तू सांगशील त्या विमानाने येतो," तो म्हणाला. "माझं डोकं चालत नाहीये."

तिथून दोन विमानं होती. एक आपल्या घड्याळाने तीनला सुटणारं, पण मध्ये बदलायचं, बावीस तासांचं. दुसरं रात्री आठचं, थेट. उशिरा सुटूनही ते तीन तास आधी, सकाळी दहाला पोचत होतं. हे असलं गणित तिने हजारदा केलं होतं.

"आठचं घे," ती म्हणाली.

आठच्या विमानात बिघाड निघाला. ते सुटलं पाच तास उशिरा.

सकाळी आई शुद्धीवर होती. "कुठवर आला गं?"

"समुद्रावर आहे, आई."

अकराला आईने पुन्हा विचारलं.

"समुद्रावरच."

"केवढा मेला तो समुद्र!" म्हणून आईने डोळे मिटले. एक वाजता ताईची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बदलून येणारं विमान आत्ता उतरलं असणार. दोनपर्यंत तो या खाटेशी असता. अडीचला आई गेली.

तीनला भाऊ उतरला. फोन सुरू होताच त्याने विचारलं, "कशी आहे?" "तू ये आधी," ताई म्हणाली, आणि त्याला काय ते कळलं.

दवाखान्याच्या दारात तो तिच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "आधीचं एखादं विमान नव्हतंच का गं?"

'नव्हतं' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सकाळपासून आईपासून विमानाचा उशीर लपवून तिचा जीव विटला होता.

"होतं. तीनचं, बदलून येणारं. मला वाटलं, थेट लवकर पोचेल."

"तुझा काय दोष," एवढंच तो म्हणाला, पण तिच्या पाठीवरचा हात त्याने काढून घेतला.

पुढचे बारा दिवस तो घरी होता. कपाटं आवरली, कागदपत्रं केली. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. तेराव्या दिवशी जेवताना ताईने विचारलं, "परतीचं बघू का? गुरुवारी जागा आहे."

"मी काढलंय तिकीट," तो ताटात बघत म्हणाला. "उद्याचंच."

इतक्या वर्षांत त्याचं एकही तिकीट तिच्या हाताखालून गेल्याशिवाय निघालं नव्हतं. तिने मान हलवली आणि त्याला आणखी भात वाढला.