मधला थांबा

मुलीला नव्या कामाच्या गावी जायचं होतं. वाटेत आमच्या शहरात उतरायचं, पाच तास थांबायचं आणि पुढचं विमान पकडायचं, असं तिनं फोनवर सहज सांगितलं. मी नुसतं "बरं" म्हणालो.

इथपर्यंत साडेनऊ तास, पुढं सात, हे तिकिटावर छापलेलं होतं. पण जन्मभर मुद्रितं तपासल्यामुळं छापील मजकुरावर माझा विश्वास नाही. मी पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला. तिच्या शहरातून त्या गावी जाणारा दोरा आमच्या आसपासही फिरकत नव्हता, पार वर बर्फातून जात होता. म्हणजे पोरगी वाकडी वाट करून येत होती. तिकीट स्वस्त म्हणून, की माझ्यासाठी? विचारायचं धाडस झालं नाही. उगाच गैरसमज नको.

तरी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून विमानतळावर गेलो. सहा वर्षांनी ती दिसणार होती. सामान कुठंय आजोबा, असं टॅक्सीवाल्यानं विचारलं, तर मुलगी येतेय, एवढंच कसंबसं सांगितलं.

विमान उतरलं. माणसं ढकलगाड्या घेऊन बाहेर येऊ लागली. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पोचले."

"मी दाराशीच आहे. ये."

ती हळूच म्हणाली, "कुठल्या दाराशी?"

तिचा पासपोर्ट आता तिकडचा. बाहेर यायला व्हिसा लागतो आणि तो तिनं काढलाच नव्हता. तुम्ही याल असं स्वप्नातही वाटलं नाही, म्हणाली. वाचनालयात जायचं तरी तुमची आदल्या दिवसापासून तयारी चालते. मला त्रास नको म्हणून ती बोलली नव्हती. तिला बांधून घातल्यासारखं नको म्हणून मी विचारलं नव्हतं. हा संकोच तिनं माझ्याकडूनच उचललाय.

"मग इकडून कशाला आलीस?" अखेर मी विचारलं.

"तुमची सकाळ तेव्हा माझी रात्र. एकदा तरी तुमच्याच वेळेत बोलावंसं वाटलं."

मी खांबाजवळच्या बाकावर बसलो. कुठल्याशा विमानाची घोषणा आधी माझ्या डोक्यावर झाली आणि लगेच फोनमधून ऐकू आली. मधे फार तर दोन-चार भिंती असतील.

"पुढच्या वेळी व्हिसा काढ," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

"काढते. पण तुम्ही तोंडानं 'ये' म्हणा."

"ये."

मग ती नवीन घराबद्दल, माझ्या गुडघेदुखीबद्दल, तिच्या मांजराबद्दल बोलत राहिली. मी हुंकार देत होतो. मधेच माझ्या फोनची बॅटरी संपली. कदाचित अजून काहीतरी नीट बोलायला हवं होतं. तिचं विमान सुटेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही.