तडा गेलेला प्रोब

मी एक जुना प्रोब आहे. प्रोब म्हणजे इको मशीनचा मुठीत मावणारा, छातीवर टेकवायचा भाग. मित्रांनो, मी न ऐकू येणारे आवाज आत सोडतो. ते परत आले की पडद्यावर हृदय हलताना दिसतं, त्यातलं रक्त वाहताना दिसतं.

चिखलीच्या एका छोट्या दवाखान्यात मी नवा आलो, तेव्हा डॉक्टर अन्नपूर्णाबाई मला मऊ कापडाने पुसायच्या. "हा माझा डोळा आहे," म्हणायच्या. मग एकदा मी फरशीवर पडलो. टोकाला तडा गेला. चित्रात एक काळी पट्टी उमटू लागली. "चालतंय तोवर चालवू," असं ठरलं.

फवारणीचे पंप दुरुस्त करणारे कय्यूमभाई त्याच सुमारास आले. मोठ्या शहरात त्यांची बायपास झाली होती. छातीचं हाड न कापता, फासळ्यांमधल्या लहानशा छेदातून. नव्याने जोडलेल्या वाहिनीतून रक्त छान वाहत होतं.

"दर तीन महिन्यांनी दाखवा," बाईंनी बजावलं.

त्या वर्षी अळी लागत नाही म्हणून लावलेल्या बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली. गावोगावचे नादुरुस्त पंप कय्यूमभाईंच्या दुकानात येऊन पडले. सात महिने ते फिरकले नाहीत. शेवटी त्यांची बायको हुस्नबानो त्यांना ओढूनच घेऊन आली.

मी छातीवर टेकलो आणि घाबरलो. हृदयाची पुढची भिंत जेमतेम हलत होती. नव्या वाहिनीत रक्ताची धार अगदी बारीक. आणि नेमकी तिथेच माझी काळी पट्टी! बाई मला पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या.

"प्रोब खराब आहे, की रक्तच पोचत नाही, नीट कळत नाही. आजच्या आज शहरात जा."

"काऊन बाई? मले तं काहीच दुखून नाही राह्यलं. टाकाबी इवलासाच होता."

"वरचा टाका लहान होता. आतलं काम लहान नव्हतं."

"पण मशीनच बिघडलं म्हणता ना? चार पंप राह्यले, परवा जातो."

"बाई, ह्यायले समजवा ना!" हुस्नबानो कळवळून म्हणाली.

बाईंनी हात जोडले. पण माझ्या तड्याने त्यांच्या बोलण्यातला जोरच काढून घेतला होता.

तिसऱ्या दिवशी हुस्नबानो एकटी आली. पंपात हवा भरताना कय्यूमभाई दुकानातच कोसळले होते, ते पुन्हा उठलेच नाहीत.

"बाई, त्या दिवशी खरंच काय दिसलं होतं?"

बाईंनी मला हातात घेतलं. माझ्याकडे पाहत राहिल्या.

मित्रांनो, दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका. आणि जे यंत्र माणसाच्या छातीवर ठेवायचं, ते कसंबसं चालतंय म्हणून चालवू नका. नवा प्रोब मागवला आहे. तो अजून आलेला नाही. बाहेर बाकावर इकोसाठी सहा जण बसले आहेत.