फुंकरीचा आकडा

खरं तर त्या यंत्रात फुंकताना एमलिन प्रॉसरने घाबरायचं काही कारण नव्हतं. नाताळपासून त्याने सिगारेटला हात लावला नव्हता. खोऱ्यातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानात नेरिस दर आठवड्याला त्याला मागच्या खोलीत बसवायची, दंडावर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या द्यायची आणि श्वासातला धुराचा विषारी वायू मोजायची. आकडा उतरत चालला होता. आज मात्र तो भलताच चढला.

"काय हो, कुठे लपून ओढलीत?" नेरिस हसली. "सांगू का बेटीकाकूंना?"

"बेटीची शपथ, एकही नाही."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतंय?"

एमलिनचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर बायकोला थापा मारल्या तेव्हा पचल्या, आणि आता खरं बोलतोय तर कुणी ऐकेना. त्याने पुन्हा फुंकलं. आकडा तसाच. नेरिसने नवी नळी लावून स्वतः फुंकलं, तर जवळजवळ शून्य. तिचं हसू मावळलं.

"घरात शेगडी कसली आहे?"

"कोळशाची. का गं पोरी?"

"डोकं दुखतं?"

"सिगारेट सोडली की दुखतं, तूच म्हणालीस ना."

"आणि काकूंचं?"

"तिला फ्लू झालाय. डोकं धरून पडलीय, मळमळतंय."

"ताप आहे?"

"नाही," म्हणता म्हणता एमलिनला सगळं उमगलं. सिगारेट सुटल्यापासून त्याच्या हातांना चैन नव्हती, म्हणून त्याने घराची डागडुजी काढली होती. खिडक्यांच्या फटी बुजवल्या, दारांखाली पट्ट्या ठोकल्या. बेटी गारठली म्हणून शेगडीजवळची भिंतीतली हवेची जाळीसुद्धा त्यानेच लिंपून टाकली होती. आज निघताना कोळसा घातला, तोही त्यानेच.

"ती शेगडीपाशीच झोपलीय," तो कसाबसा म्हणाला.

नेरिस धावत दुकानाच्या फोनकडे गेली आणि तिने अग्निशमन दलाला पत्ता दिला. एमलिनने खिशातून मोबाइल काढून बेटीच्या मोबाइलचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, बंद पडली. त्याने परत लावला. उचल गं बये, उचल.

"हं," पलीकडून जडावलेला आवाज आला.

"बेटी, ऊठ. शेगडीचा विषारी वायू भरलाय घरात. बाहेर हो आधी."

"झोपू दे रे. मग बघू."

"बेटी, झोपू नकोस."

पलीकडून नुसता श्वास. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

"बेटी, मी ओढतोय अजून," तो ओरडला. "नाताळपासून ओढतोय. पाकीट बाहेर आहे, फाटकापाशी, विटेखाली."

पलीकडे पलंग करकरला.

"मेल्या," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस तू."

काहीतरी पडलं, भांडं असावं. पावलं फरफटत गेली. कडी निघाली. फोनमध्ये वाऱ्याचा आवाज भरला आणि बेटी खोकत राहिली, कितीतरी वेळ.

"इथे विटेखाली काही नाहीये," ती शेवटी म्हणाली. "खोटारडा कुठला."

"हो," एमलिन म्हणाला. तो खालीच बसला होता, औषधांच्या खोक्यांमध्ये. "शोध अजून. आत जाऊ नकोस, तिथेच शोध."