मी निशाच्या दारावरची चांदणी

मी चांदणी बोलतेय. राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या घराच्या दारावर दर नाताळात मी लटकते. माझं एक टोक आखूड आहे. या घरातल्या निशाने त्या टोकाची बांबूची कामटी घाईत जास्त तासली होती.

१९९८ साल होतं. बारावीतली निशा दिवाळीपासून काविळीने अंथरुणावर होती. पडल्या पडल्याच तिने कामट्या बांधल्या आणि वर लाल पतंगी कागद खळीने चिकटवला. शेजारच्या चिमणाबाई डोकावल्या.

"अगं, दिवाळी झाली की! आता कुठला आकाशकंदील?"

"मावशी, नाताळची चांदणी हाय ही. चांदणी दिसली की चर्चची गाणीवाली मंडळी दारात थांबत्यात. यंदा मी त्यास्नी दोन गाणी म्हणाय लावणार हाय."

नोव्हेंबर संपता संपता तिला दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. मी कपाटावर तशीच पडून होते.

नाताळ आला. तिच्या आईने, तानाबाईने, मला खाली काढलं. वडील केरबा म्हणाले, "दुखवट्याचं घर हाय. यंदा दारात काय लावायचं न्हाय. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू देत. पोरीनं केलीया. न्हाय लावायची तर काय चुलीत घालू?"

ती स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगायला लागलं, तेव्हा केरबांनी पुढे होऊन ते धरलं.

तानाबाईला एवढंच हवं होतं, की निशाच्या नावाने एक तरी गाणं या दारात व्हावं. तिने करंज्या तळल्या. संध्याकाळी ढोलकी ऐकू येताच ती ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

मंडळी आली. पुढे मंडळीचे म्होरके बाळासो होते. त्यांनी मला पाहिलं, मग तानाबाईला पाहिलं आणि हात वर केला. ढोलकी थांबली.

"वैनी, वरीस झालं न्हाय अजून. पुढल्या साली म्हणू की."

"तुमच्यासाठनं केलीया वो तिनं. एकच म्हणा."

बाळासोंनी हात जोडले. सगळे खाली माना घालून पुढे गेले. पलीकडच्या दारात ढोलकी पुन्हा वाजू लागली. तानाबाई ताट धरून तिथेच उभी होती.

माझा जीव कागदाचा, पण त्या दिवशी तो जळत होता. तारणारा जन्मला ही बातमी रडणाऱ्या घराला सांगायची नाही, तर कुणाला सांगायची? पोट भरलेल्यांना? कोणी लिहिली ही रीत?

पुढच्या नाताळात मंडळी शब्दाला जागली. चांगली तीन गाणी म्हणाली. पण तानाबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाहेर केरबा एकटेच उभे होते.

आता २००६ उजाडलंय. माझा लाल रंग उडालाय, कागदाला जागोजाग ठिगळं आहेत. मंडळी दरवर्षी येते, गाते, जाते. तानाबाई गाण्यांना अजून एकदाही बाहेर आलेली नाही.

तुमच्या गल्लीतही असं एखादं दार असेल. पुढल्या सालाचा वायदा करू नका. ती माणसं ज्या संध्याकाळी वाट बघत उभी असतील, त्याच संध्याकाळी थांबा.